बायकांचे तुरुंग बंद होऊ शकतात

(मुन्शी घाट, वाराणसी येथील स्मृतिव्याख्यानाचे मुद्रित रूप)



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या घरच्यांनी मला विषयाची पूर्ण मोकळीक दिली. विषय ऐकून त्यांच्यापैकी कुणी कचरले नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. तुरुंगातल्या बायकांविषयी चारचौघांत बोलणे आपण टाळतो. ज्या घराची लेक किंवा सून आत गेली ते घर तर हमखास टाळते. पुरुष आत गेला, तर मुलाकातीच्या दिवशी त्याची आई किंवा बायको कपड्यांची पिशवी घेऊन रांगेत उभी असते. बाई आत गेली, तर तिच्यासाठी रांगेत सहसा कुणीच नसते. नवरा येत नाही, माहेर तोंड फिरवते, आणि मुले कुणाकडे आहेत हेही तिला महिनोन्‌महिने कळत नाही.

आज माझे सांगणे एवढेच आहे की बायकांचे तुरुंग बंद होऊ शकतात. दूरच्या कुठल्या सुवर्णयुगात नव्हे, आपल्या हयातीत, एकेक बराक करून. सरकारच्या एका हुकमाने हे होणार नाही. बाईसाठी समाजाची बाहेरची दारे बंद होत जातात, म्हणून आतली बराक भरते. ती बाहेरची दारे वस्तीतल्या माणसांनी उघडली की बराक रिकामी होऊ लागते. असे घडल्याचे दाखले आपल्याच इतिहासात आहेत, आणि ते मांडण्यासाठीच मी आले आहे.

काशीची वाट आणि काळे पाणी

आपण बसलो आहोत तो घाट नागपूरकर भोसल्यांच्या दरबारातले श्रीधर नारायण मुन्शी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधला. पुढे तो दरभंग्याच्या राजघराण्याकडे गेला. शेजारीच अहिल्याबाईंचा घाट आहे. मराठी माणसाला या पायऱ्यांचा अभिमान वाटतो आणि तो रास्त आहे. पण याच पायऱ्यांवर अशाही मराठी बायका उतरल्या, ज्यांना घरांनी पुण्य जोडायला नव्हे, तर नजरेआड करायला धाडले होते. विधवा घरात नकोशी झाली की तिला काशीची वाट दाखवली जाई. बाई अडचणीची ठरली की ती दिसेनाशी करायची, ही रीत आपल्याकडे जुनी आहे. तीर्थ हा तिचा सौम्य मार्ग होता. कठोर मार्ग होता तुरुंग, आणि त्याच्याही पलीकडे काळे पाणी.

काशीबाई नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेची हकिकत जोतीराव फुल्यांनी १८८४ साली सरकारला लिहून पाठवलेल्या टिपणात नोंदवली आहे. ती पुण्यात जोतीरावांचे स्नेही गोवंडे यांच्या घरी स्वयंपाकाला होती. एका शास्त्रीबुवाने तिला फसवले. दिवस गेले, गर्भ पडला नाही, मूल जन्माला आले. अब्रूच्या भीतीने तिने ते मारून विहिरीत टाकले. खटला चालला आणि तिला जन्मठेपेवर अंदमानला पाठवण्यात आले. शास्त्रीबुवाला कुणी हात लावला नाही.

फुले दांपत्याने यावर काय केले, ते आजच्या विषयाच्या मुळाशी आहे. काशीबाईच्या बराकीत चांगला उजेड असावा, तिच्या जेवणात डाळ घट्ट असावी, असा अर्ज करून ते थांबले नाहीत. १८६३ साली त्यांनी स्वतःच्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले आणि ब्राह्मणवस्तीच्या गल्ल्यांच्या कोपऱ्यांवर त्याची जाहिरात चिकटवली. विधवांनी यावे, गुपचूप व सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यायचे की ठेवायचे ते स्वतः ठरवावे, मूल ठेवले तर सांभाळ आम्ही करू, असा त्या जाहिरातीचा मथितार्थ होता. जोतीरावांच्या टिपणानुसार तोवर ३५ विधवा तिथे बाळंत झाल्या होत्या. आधी घेतलेल्या विषारी औषधांमुळे त्यातली बहुतेक मुले वाचली नाहीत, हेही त्यांनी लपवले नाही. पण त्या पस्तीसजणींतली प्रत्येकजण उद्याची आरोपी ठरू शकली असती. याच घरात जन्मलेल्या एका मुलाला जोतीराव-सावित्रीबाईंनी दत्तक घेतले. तो यशवंत. पुढे तो डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगमध्ये त्याच्या दवाखान्याच्या कामात झटताना सावित्रीबाईंना मरण आले.

पुढे १८७५ साली पंढरपुरातही प्रार्थना समाजाच्या मंडळींनी अशा मुलांसाठी आश्रम काढला. तरीही १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला याच गुन्ह्यासाठी फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती काळ्या पाण्यावर आणि पुढे पाच वर्षांवर आली. त्या खटल्यावर वर्तमानपत्रांनी समस्त बायकांच्या चारित्र्याचे पंचनामे मांडले, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ छापून पुरुषांना जाब विचारला. एका खटल्यातून घर उभे राहिले, दुसऱ्या खटल्यातून पुस्तक. शिक्षेच्या आधी कारणाला हात घालायचा, ही मराठी परंपरा तिथून सुरू होते.

आत कोण आहे?

आता आजचे पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ च्या अखेरीस देशातल्या १,३३० तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांहून अधिक माणसे होती. जागा होती सुमारे ४ लाख ३६ हजारांची. दर चार कैद्यांतले तीन कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही असे. सर्वाधिक कैदी उत्तर प्रदेशात होते, १ लाख २१ हजारांहून जास्त. या सगळ्यांत बायका २३,७७२. त्याच्या सहा वर्षे आधी, २०१६ मध्ये, त्या १८,४९८ होत्या. दीड हजारांहून अधिक बायकांसोबत त्यांची लहान मुलेही आत होती.

शेकड्यात पाहिले तर बायका चारच भरतात. हा आकडा लहान आहे म्हणून त्यांच्याकडे कुणी पाहत नाही. पण तो लहान आहे म्हणूनच त्यांचे तुरुंग बंद करणे आवाक्यातले काम आहे. त्याच अहवालात देशभरात बायकांचे स्वतंत्र तुरुंग फक्त ३४ होते. उत्तर प्रदेशात लखनौचे नारी बंदी निकेतन आहे. बाकी बहुतेक बायका पुरुषांच्या तुरुंगातल्या एका कोपऱ्यात, भिंतीआडच्या बराकीत राहतात. दवाखाना, ग्रंथालय, कारखाना, मैदान हे सगळे भिंतीच्या पलीकडे, पुरुषांच्या बाजूला.

त्या कोणत्या बायका? वकिलीच्या कामात मला भेटलेल्या बायकांपैकी काही चोरीच्या आरोपावरून आल्या होत्या, काही कुणाचे तरी गांजाचे पार्सल पोहोचवताना सापडलेल्या, काही घरगुती भांडणाच्या शेवटी झालेल्या मृत्यूच्या प्रकरणात अडकलेल्या, काही हुंडाबळीच्या गुन्ह्यात सासू-नणंद-जाऊ म्हणून. काही पारधी वस्तीतल्या होत्या. परिसरात चोरी झाली की पोलिसांची गाडी सर्वात आधी त्यांच्या पालापाशी थांबते.

पारध्यांचे नाव निघाले की सोलापूरची सेटलमेंट सांगायलाच हवी. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरल्या. सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवले गेले, बायका-मुलांसकट. ठरल्या वेळी हजेरी द्यायची आणि परवानगीशिवाय बाहेर पाऊल टाकायचे नाही. त्यांच्यावर गुन्हा शाबीत झालेला नव्हता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला आणि ते कुंपण गेले. बायका-मुलांना कोंडणारी इतकी मोठी व्यवस्था या देशाने एकदा बंद केली आहे, आणि त्याने आकाश कोसळले नाही. कुंपण पडले तरी संशय मात्र राहिला. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी तुरुंगांच्या नियमपुस्तकांतली जात उघड केली आणि त्यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. जात पाहून कामे वाटणारे नियम न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजण्याच्या वृत्तीवरही ताशेरे ओढले. त्या नियमांत उत्तर प्रदेशचाही नियम होता. हलकी कामे ज्या समाजाला ‘सवयीची’ आहेत त्यांच्याकडूनच ती करून घेण्याची मुभा त्यात होती.

पत्र लिहिणाऱ्या बायका

तुरुंगाची भिंत बाहेरून कुणी खरवडली? शीला बारसे यांनी. या पत्रकार बाईंनी मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगातल्या १५ महिला कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यातल्या पाचजणींनी पोलिस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसेंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले. निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना तुरुंगात जाऊन चौकशी करायला सांगितले. फेब्रुवारी १९८३ चा तो निकाल आजही आधाराला येतो. बायकांसाठी वेगळी कोठडी आणि तिथे महिला शिपाई, चौकशी महिला पोलिसांच्या उपस्थितीत, आणि अटक होताच विधी साहाय्य समितीला कळवणे, हे सगळे एका पत्रातून आले.

त्याआधी १९७९ मध्ये, आपल्या कामठीत जन्मलेले पोलिस अधिकारी के. एफ. रुस्तमजी यांनी बिहारच्या तुरुंगांतल्या कच्च्या कैद्यांवर वर्तमानपत्रात लेख लिहिले. ते वाचून वकील कपिला हिंगोरानी न्यायालयात गेल्या. हुसैनारा खातून खटला तो हाच. त्यात एक भयंकर गोष्ट पुढे आली. काही बायका आरोपी नव्हत्याच. त्या साक्षीदार होत्या किंवा स्वतःच अत्याचाराला बळी पडलेल्या होत्या, आणि ‘संरक्षण’ म्हणून तुरुंगात ठेवल्या होत्या. न्यायालयाने त्यांना सोडायला सांगितले. जलद न्याय हा मूलभूत हक्क आहे, ही गोष्ट या देशात त्या खटल्याने पक्की झाली.

आणि २००६ चा आर. डी. उपाध्याय निकाल. आईसोबत असलेले सहा वर्षांपर्यंतचे मूल कैदी नव्हे, त्याला दूध, शाळा, खेळ मिळाला पाहिजे, आणि तुरुंगात जन्म झाला तर दाखल्यावर जन्मस्थान म्हणून तुरुंग लिहू नये, असे न्यायालयाने बजावले. या सगळ्यांमागे एकेक चिकाटीचा माणूस आहे. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा उपक्रम १९९० पासून तुरुंगात आणि न्यायालयात समाजकार्यकर्ते पाठवतो. आतल्या बाईचे घर शोधणे, तिच्या मुलांची खबर आणणे, सुटल्यावर तिला कामाला लावणे, ही कामे ते करतात. त्यांचे फोटो कुठे छापून येत नाहीत. बराक रिकामी होते ती अशाच कामाने.

पण इतके निकाल असूनही २०१७ मध्ये भायखळ्याच्या महिला तुरुंगात काय झाले, ते विसरता येत नाही. मंजुळा शेट्ये ही शिक्षा भोगणारी कैदी तिथे वॉर्डनचे काम करत होती. जेवणातली दोन अंडी आणि पाच पाव कमी आले, अशी तिने तक्रार केली. त्यानंतर तुरुंगाच्या कर्मचाऱ्यांनी तिला अमानुष मारल्याचा आरोप आहे. २३ जूनला ती गेली. सहा कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला. आतल्या बायका संतापून गच्चीवर गेल्या, ओरडल्या, आणि दोनशेहून अधिक बायकांवर दंगलीचा गुन्हा नोंदवला गेला. सोबतिणीच्या मृत्यूची दाद मागणाऱ्या बायकांवर आणखी एक गुन्हा चढला.

चांगला तुरुंग ही पळवाट

अशा वेळी लोक म्हणतात, मग बायकांसाठी नवे, हवेशीर, मोठे तुरुंग बांधा. या सल्ल्यामागचा कळवळा मला दिसतो, तरीही मी तो नाकारते.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात फ्रेमिंगहॅमचा महिला तुरुंग १८७७ साली उघडला. स्त्रियांना पुरुषांच्या तुरुंगातून सोडवावे, त्यांना बायकांच्या हाताखाली सुधारावे, अशी मागणी करणाऱ्या सुधारक बायकांच्या प्रयत्नाने तो झाला. आज तो त्या देशातल्या सर्वात जुन्या चालू महिला तुरुंगांत गणला जातो. १९८० मध्ये अमेरिकेत सुमारे २६ हजार बायका कोंडलेल्या होत्या, २०१९ पर्यंत त्या सव्वादोन लाखांच्या घरात गेल्या. जागा वाढवली की ती भरते. त्याच राज्यात नव्या महिला तुरुंगाची योजना आली, तेव्हा स्वतः तुरुंगवास भोगलेल्या बायका रस्त्यावर उतरल्या. अँड्रिया जेम्स आणि त्यांच्या सोबतिणींनी तुरुंगाच्या आवारात ज्या संघटनेची कल्पना केली, तिने नवे तुरुंग बांधायला पाच वर्षे बंदी घालणारे विधेयक २०२२ मध्ये विधिमंडळात मंजूर करून घेतले. राज्यपालांनी ते फेटाळले. बायका थांबल्या नाहीत.

लंडनचा होलोवे हा प्रसिद्ध महिला तुरुंग २०१६ मध्ये बंद झाला. मताधिकारासाठी लढणाऱ्या बायकांना तिथेच कोंडले होते. बंद झाला म्हणून आनंद मानावा तर आतल्या बायका शहराबाहेरच्या दुसऱ्या तुरुंगांत हलवल्या गेल्या, घरापासून आणखी दूर. इमारत बंद करणे आणि तुरुंगवास संपवणे यांतला फरक होलोवेने शिकवला. स्कॉटलंडने थोडी बरी वाट धरली. २०१५ मध्ये तिथल्या सरकारने मोठ्या महिला तुरुंगाची तयार योजना लोकांच्या विरोधानंतर रद्द केली, आणि २०२२ मध्ये डंडी व ग्लासगो शहरांत वस्तीलगत छोटी केंद्रे उघडली.

दुसरी पळवाट आपल्या अंगणातली आहे: तुरुंग नको, सुधारगृह द्या. याच राज्यातल्या आग्र्याच्या संरक्षणगृहातली दैना उपेंद्र बक्षी आणि लोतिका सरकार या प्राध्यापकांनी १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे पत्राने मांडली होती. २०१८ मध्ये मुझफ्फरपूर आणि देवरियाच्या निवारागृहांतल्या अत्याचारांनी देशाला पुन्हा हादरवले. सांगलीत वेश्या अन्याय मुक्ती परिषद गेली कित्येक वर्षे हेच सांगते आहे, की धाडीतून ‘सोडवलेल्या’ प्रौढ बाईला तिच्या मर्जीविरुद्ध गृहात ठेवणे ही कैदच आहे. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा तीन प्रौढ तरुणींना गृहातून सोडताना, आपले राहणे-वागणे ठरवण्याचा त्यांचा हक्क मान्य केला.

म्हणून फुल्यांच्या घराकडे पुन्हा पाहावे लागते. तिथे बाई स्वतः चालत येई आणि स्वतः चालत जाई. ज्या घराचे दार आतून उघडता येते तेच बाईसाठी घर असते. या एका कसोटीवर आपली प्रत्येक संस्था घासून पाहिली पाहिजे.

दार उघडे ठेवलेली ठिकाणे

उघड्या दारांचेही आपल्याकडे मोठे प्रयोग झाले. औंध संस्थानात १९३९ च्या सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले गेले. गंभीर गुन्ह्यांचे कैदी तिथे भिंतीशिवाय, शेती करत, कुटुंबासह राहू लागले. राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रिडमन यांचा तो ध्यास. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ने, १९५७ मध्ये, ही कल्पना घराघरांत नेली. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर तर त्याच परिसरातले.

आणि काशीचे स्वतःचे नाव यात आहे. राजकीय नेते संपूर्णानंद काशीचे. १९५२ मध्ये तेव्हाच्या बनारस जिल्ह्यात, चकियाजवळ चंद्रप्रभा नदीवर धरण बांधायला उत्तर प्रदेशातले कैदी उघड्या शिबिरात राहिले. अशा शिबिरांना पुढे संपूर्णानंदांचेच नाव मिळाले. ते राजस्थानचे राज्यपाल असताना १९६३ मध्ये जयपूरजवळ सांगानेरला खुले शिबिर सुरू झाले. तिथे कैदी बायको-मुलांसह राहतात, दिवसा बाहेर कामाला जातात आणि हजेरीला परत येतात.

असे असून कित्येक राज्यांच्या नियमांत खुल्या तुरुंगासाठी बायकांना अपात्र ठरवले आहे. सुरक्षेचे कारण दिले जाते. ज्या कैद्याला पळून जाण्याचे सर्वात कमी बळ आणि मुलांकडे परतण्याची सर्वात जास्त ओढ, तिलाच उघड्या जागेपासून दूर ठेवायचे, यात मला न्याय दिसत नाही. पहिली मागणी इथेच करता येईल. ज्या बायकांना शिक्षा झाली आहे त्यांच्यासाठी खुली वसाहत हा नियम असावा, भिंत हा अपवाद.

अवघड प्रश्न

श्रोत्यांपैकी कुणाच्या मनात येईल, आणि येऊ द्यावे: जळून मेलेल्या सुनेचे काय? तिच्या सासूने आत का बसू नये? १९८३ आणि १९८६ मध्ये छळ व हुंडाबळीचे कायदे आले, ते स्त्रियांच्याच चळवळीने आणले. त्या चळवळीत मीही वाढले. त्या सुनेचे दुःख कमी करून मी एक शब्दही बोलणार नाही. तिला न्याय हवा. पण खटला वर्षानुवर्षे न चालता साठी उलटलेली बाई बराकीत झिजत राहिली, तर त्या सुनेला काय मिळाले? न्याय म्हणजे सत्य लवकर ठरणे. विलंबाने कुणालाच न्याय मिळत नाही, मेलेल्या सुनेला तर मुळीच नाही. आणि ज्या बाईने वर्षानुवर्षे मार खाऊन शेवटी नवऱ्यावर हात उचलला, तिच्या मारहाणीच्या पहिल्या रात्री शेजाऱ्यांनी दार ठोठावले असते, तर कदाचित दोन्ही जीव वाचले असते.

आपल्या हातातले

आता कामाचे बोलते. कायद्याने काही वाटा आधीच दिलेल्या आहेत. त्यांवरून चालणारी माणसे कमी आहेत.

पहिली वाट जामिनाची. कितीतरी बायकांचा जामीन मंजूर होतो, पण जामीनदार नसतो. महाराष्ट्रात सातबारा किंवा ऐपतीचा दाखला लागतो, इथे खतौनी किंवा गाडीची आरसी. हे कागद असलेला माणूस बाईला भेटत नाही, आणि आदेश कागदावरच राहतो. १९७८ मध्येच मोतीराम खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी, गरिबाला न झेपणारी रक्कम मागणे आणि परजिल्ह्यातला जामीनदार नाकारणे, दोन्ही चूक ठरवले होते. २०२३ पासून केंद्राची एक योजना आहे. तिच्यातून कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी रक्कम मिळू शकते. ती मागायची कशी, हे आतल्या बाईला कुणी सांगत नाही.

दुसरी वाट मुदतीची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ कलमानुसार, याआधी कधीच दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला सोडले पाहिजे, इतरांना निम्म्या काळानंतर. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कैद्यांनाही हा लाभ देण्यास सांगितले आणि पात्र बायका खास शोधून काढा असे बजावले. जन्मठेप किंवा फाशी होऊ शकणारे गुन्हे यात बसत नाहीत. एकाहून अधिक खटले चालू असतील तरीही लाभ मिळत नाही. चोरीचे तीन-चार गुन्हे अंगावर घातलेली पारधी बाई नेमकी इथेच अडकते. कायदा बदलण्यासाठी लढायचे असेल तर हे कलम हाती घ्या.

तिसरी वाट शिक्षेआधीची. १९५८ चा परिवीक्षा कायदा दोषी माणसालाही देखरेखीवर घरी सोडण्याची मुभा देतो. नव्या न्याय संहितेत पाच हजारांहून कमी किमतीच्या पहिल्या चोरीसाठी, वस्तू परत केली तर, समाजसेवेची शिक्षा ठरवली आहे. वकिलाने मागितले नाही तर ही कलमे कपाटातच राहतात. आणि वकील? १९८७ च्या विधी सेवा कायद्याने प्रत्येक स्त्रीला, तिची मिळकत कितीही असो, मोफत वकिलाचा हक्क दिला आहे.

चौथी वाट नागरिकांची. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली कच्च्या कैद्यांची आढावा समिती बसते. तुरुंगाच्या नियमांत अशासकीय अभ्यागत नेमण्याची तरतूद आहे. साधा नागरिक आत जाऊन पाहू शकतो, ऐकू शकतो, नोंदवहीत लिहू शकतो. ती पदे बऱ्याचदा रिकामी असतात, किंवा मानाची म्हणून वाटली जातात.

या शहरात चौकाघाटला जिल्हा तुरुंग आहे, शिवपूरला मध्यवर्ती. काशीतल्या मराठी घरांनी आजवर धर्मशाळा चालवल्या, अन्नछत्रे चालवली, परगावच्या माणसाला ओसरी दिली. त्या परंपरेला साजेसे काम मी आज मागते आहे. या शहरात आत असलेल्या प्रत्येक मराठी बाईचे, आणि मग प्रत्येकच बाईचे, घर शोधून काढायचे. तिच्या मुलांचा पत्ता तिला कळवायचा. जामिनासाठी उभी राहतील अशा माणसांची यादी ठेवायची. जामीनदार होण्यात जोखीम आहे, हे मी लपवत नाही. ती बाई तारखेला आली नाही तर मुचलक्याची रक्कम भरावी लागू शकते. म्हणून एकट्याने नव्हे, मंडळाने मिळून ही जबाबदारी घ्यायची, तिला तारीख आठवण करून द्यायची, न्यायालयात तिच्या शेजारी बसायचे. बाईला घर, पत्ता आणि आपले माणूस मिळाले की ती तारीख चुकवत नाही, हा माझा अनुभव आहे.

माझी दृष्टी स्पष्ट आहे. सोलापूरच्या कुंपणासारखे हेही कुंपण एक दिवस जाईल. पण एकदम नाही. ज्या महिन्यात एका जिल्ह्याच्या महिला बराकीत एकही अशी बाई उरणार नाही जी केवळ गरिबीमुळे, केवळ कागद नसल्यामुळे, केवळ कुणी विचारले नाही म्हणून आत आहे, त्या महिन्यात त्या बराकीची गरज उरली आहे का, हा प्रश्न सरकारला विचारता येईल. तोपर्यंत आपला दावा पोकळ वाटेल. त्या दिवशी तो हिशेबाने सिद्ध झालेला असेल.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला द्यायच्या अर्जाचा मसुदा मी सोबत आणला आहे. महिला कैद्यांपैकी ४७९ कलमाखाली पात्र कोण, जामीन मंजूर होऊनही आत कोण, आणि आढावा समितीची पुढची बैठक केव्हा, या तीन गोष्टी त्यात विचारल्या आहेत. दुसऱ्या कागदावर अशासकीय अभ्यागत म्हणून काम करायला तयार असलेल्यांनी नाव लिहावे, तिसऱ्यावर जामीनदार म्हणून. टाळ्या वाजवण्याआधी त्या तीन कागदांवर सह्या कराव्यात, अशी माझी नम्र आणि आग्रहाची विनंती आहे.